लाईट आली, रिपीटर आला नाही

वायरलेसच्या दुरुस्तीत काही वर्षं काढलेल्या कुणालाही ही तक्रार तोंडपाठ असते. डोंगरावरचा रिपीटर चार-पाच वर्षं बिनबोभाट चालू होता. परवा लाईट गेली. बॅटरी जुनी, ती तासाभरात बसली. लाईट परत आली, खोलीतला बल्ब लागला, रिपीटर मात्र थंड. सांगणारा पुढे हमखास जोडतो, "लाईट येताना व्होल्टेज जास्त आलं असणार, त्यानंच उडाला." कधीकधी तसं होतंही. पण बऱ्याचदा कव्हर उघडल्यावर आत काहीच जळालेलं सापडत नाही. फ्यूज शाबूत, वास नाही, डाग नाही. बिघाड त्या दिवशी झालेलाच नसतो. तो वर्षा-दोन वर्षांपूर्वीच होऊन बसलेला असतो, लाईट गेल्यामुळे फक्त उघडकीला येतो.

हे कसं होतं ते कळायला रिपीटरकडून केवढं काम घेतलं जातं ते आधी पाहायला हवं. पोलिसांच्या, वनखात्याच्या किंवा अग्निशमन दलाच्या माणसाच्या हातातली वॉकीटॉकी जेमतेम ५ वॅटची असते. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या तिच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी किंवा दाट वस्ती आली की दोन-चार किलोमीटरवर संपतात. म्हणून उंचावर एक यंत्र बसवतात. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर दहापट जोरानं परत फेकतं. हौशी रेडिओवाल्यांच्या २ मीटर बँडवर या दोन फ्रिक्वेन्सींत फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. भोवतालच्या सपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ने गुणायचं; रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ७०० मीटर उंचीला हे उत्तर १०९ येतं. सह्याद्रीच्या माथ्यावरून एका रिपीटरला दोन-तीन जिल्हे का ऐकू येतात, ते एवढ्यावरून लक्षात येईल. आणि तो बिघडला की दुरुस्तीवाल्याला हत्यारं पाठीवर घेऊन वर का जावं लागतं, तेही.

त्याचा रिसीव्हर वर्षाचे ८,७६० तास चालू असतो. नुसतं ऐकताना रिपीटर एक-दीड अँपिअर घेतो. ५० वॅटचा ट्रान्समीटर चालू झाला की १३.८ व्होल्टवर दहा-बारा अँपिअर ओढतो. दिवसभरात शेकडो वेळा ही उडी पॉवर सप्लायनं निमूट सोसायची असते.

पॉवर सप्लाय गेला म्हणजे रिपीटर बंद पडणार, ही समजूत अर्धीच खरी आहे. सप्लाय बहुधा एकदम जात नाही. तो हळूहळू बिघडतो आणि बिघाड दिसतो दुसरीकडेच. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे रेंज कमी होणं. लांबच्या गावातले संच पूर्वी स्वच्छ ऐकू यायचे, आता खरखरतात. सगळ्यांची बोटं अँटेनाकडे वळतात: केबलमध्ये पाणी शिरलं असेल, कनेक्टर गंजला असेल. पण रिसीव्हरला ऐकायचा असतो पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल, आणि त्याच्याच शेजारी बसलेल्या सप्लायचा फिल्टर कपॅसिटर सुकला असेल तर सप्लायचा गोंगाट तेवढा सिग्नल सहज गिळतो. अशा वेळी रिपीटरचा सप्लाय सोडवून त्याला चांगल्या भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावं. लांबचा संच स्वच्छ यायला लागला तर दोष अँटेनात नाही. टॉवरवर माणूस चढवण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यात कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

बोलण्यामागे १०० हर्ट्झची घुमी ऐकू आली तर आपली ५० हर्ट्झची वीज रेक्टिफायरनंतर नीट गाळली जात नाही, हे उघड आहे. ट्रान्समीटर चालू होऊन लगेच पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा पडतो, ही तिसरी तऱ्हा. तिथं भार पडताच व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलचं सर्किट रीसेट होतं, ट्रान्समीटर सुटतो, भार गेल्यावर व्होल्टेज सावरतं आणि चक्र पुन्हा सुरू. नुसता मल्टिमीटर लावून "१३.८ बरोबर आहे" म्हणणाऱ्याला यातलं काही सापडत नाही, कारण त्यानं मोजलेलं व्होल्टेज बिनभाराचं असतं.

आत काय सापडेल ते रिपीटरच्या वयावर आहे. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या मोटोरोलाच्या मायकॉर, एमएसआर २००० किंवा जनरल इलेक्ट्रिकच्या मास्टर टू या स्टेशनांत फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मर असायचा. जोसेफ सोला या अमेरिकन अभियंत्यानं १९३८ साली हा प्रकार काढला. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॉम्प्युटरच्या खोलीत कोपऱ्यात घुमत बसलेला, हात लावला तर चटका देणारा जड 'सीव्हीटी' ज्यांनी पाहिलाय, त्यांनी हीच जात पाहिलीय. ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या गुंडाळीला एक तेल भरलेला एसी कपॅसिटर जोडलेला असतो. दोघं मिळून ५० किंवा ६० हर्ट्झला रेझोनन्समध्ये जातात आणि लोखंडाचा गाभा संपृक्त होतो. त्यामुळे आत येणारं व्होल्टेज खालीवर झालं तरी बाहेरचं फारसं हलत नाही. ना ट्रान्झिस्टर, ना आयसी. पुढे शॉर्ट झालं तरी हा ट्रान्सफॉर्मर स्वतःच करंट आवरतो. असा दणकट सप्लाय पुढे कुणी केला नाही.

त्याचं सगळं गणित मात्र फ्रिक्वेन्सीवर उभं आहे. फ्रिक्वेन्सी एक टक्का हलली की आउटपुट साधारण दीड टक्का हलतं. ६० हर्ट्झसाठी बनवलेलं अमेरिकन स्टेशन स्वस्तात मिळालं म्हणून आणून आपल्या ५० हर्ट्झवर लावलं, तर व्होल्टेज जवळजवळ चतुर्थांशानं पडतं. दुरुस्तीवाला मग डायोड बदलत बसतो, आणि बिघाड तर कुठेच नसतो. छोट्या जनरेटरवरही हेच: भार पडला की इंजिन मंदावतं आणि फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही खाली येतं. जे खरोखर बिघडतं ते म्हणजे तो रेझोनन्सचा कपॅसिटर. मायक्रोफॅरड कमी झाले की आउटपुट उतरतं. बदलताना किंमत तंतोतंत तीच हवी आणि जातही एसीचीच हवी. थोडा मोठा टाकला तर बरंच, हा हिशेब इथं चालत नाही.

नव्वदच्या दशकापासून मोटोरोलाच्या क्वांटारसारख्या स्टेशनांत एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, आले, आणि आज दुरुस्तीला येतात ते बहुतेक हेच. यांचं काम थोडक्यात असं. २३० व्होल्ट एसी थेट रेक्टिफाय करून साधारण ३२५ व्होल्ट डीसी करायचं. ते मॉसफेट जातीच्या एका ट्रान्झिस्टरनं सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा तोडायचं. तोडलेली वीज छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे न्यायची आणि पुन्हा डीसी करायची. फ्रिक्वेन्सी मोठी म्हणून ट्रान्सफॉर्मर लहान; जुन्या सप्लायला दोन माणसं लागायची, हा एका हातात येतो. बाहेर किती व्होल्ट आले याची खबर ऑप्टोकपलरमधून आतल्या कंट्रोल आयसीला जाते आणि तो मॉसफेट किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवतो.

आता त्या न उठणाऱ्या रिपीटरचं कोडं. यूसी ३८४२ हा कंट्रोल आयसी घेऊ. तो आणि त्याचे भाऊबंद अशा सप्लायमध्ये फार आढळतात. त्याला स्वतःला चालायला वीज लागते. ती देणारी गुंडाळी ट्रान्सफॉर्मरवरच असते, आणि ट्रान्सफॉर्मर तर आयसी सुरू झाल्याशिवाय चालत नाही. यातून काढलेली युक्ती अशी: ३२५ व्होल्टवरून एका मोठ्या किमतीच्या रेझिस्टरमधून एक-दोन मिलिअँपिअर करंट एका छोट्या कपॅसिटरमध्ये सोडायचा. कपॅसिटर भरत भरत १६ व्होल्टला पोचला की आयसी जागा होतो आणि मॉसफेट हलवायला लागतो. आता त्याची भूक वीसेक मिलिअँपिअरची. रेझिस्टर एवढं पुरवू शकत नाही. ट्रान्सफॉर्मरवरची गुंडाळी वीज द्यायला लागेपर्यंत त्याला कपॅसिटरमधल्या शिदोरीवर तग धरायची असते, आणि व्होल्टेज १०च्या खाली गेलं की आयसी झोपतो. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल तर ही शिदोरी तीसेक मिलिसेकंद पुरते. सुकून सुकून तो दहाचा झाला असेल तर तीनच मिलिसेकंद. तेवढ्यात आउटपुटचे मोठे कपॅसिटर भरत नाहीत, गुंडाळी जागी होत नाही, आयसी झोपतो. पुन्हा १६पर्यंत भरणं, पुन्हा झोपणं. कान जवळ नेला तर मंद टिक-टिक ऐकू येते.

सप्लाय एकदा चालू झाला की मात्र गुंडाळी सेकंदाला हजारो वेळा त्या कपॅसिटरला भरत राहते. दहा मायक्रोफॅरडही तेव्हा चिक्कार होतात. किक मोडलेली मोटरसायकल चालू आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही, तसंच हे. सप्लाय वर्षानुवर्षं बंदच झाला नाही, म्हणून कपॅसिटर मेल्याचं कुणाला कळलं नाही. खात्री करायची जुनी तऱ्हा म्हणजे केस वाळवायच्या ड्रायरनं त्या कपॅसिटरला गरम करणं. गरम झाल्यावर आतला द्रव तात्पुरता बरा वागतो आणि मेलेला सप्लाय खाडकन सुरू होतो. दुपारी चालू होणारा आणि पहाटेच्या थंडीत न उठणारा रिपीटर याच घराण्यातला.

कपॅसिटर सुकतो का, तर उष्णतेनं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ओलसर कागद असतो, आणि तापमान दर १० अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तास असं छापलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला तर ३२,००० तास, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आतबाहेर. बाहेर एप्रिलचे ४० अंश, वर पत्रा, बंद कपाट आणि शेजारी तापलेला हीटसिंक असेल तर ६५ अंश ही काही अतिशयोक्ती नव्हे. चार-पाच वर्षं बिनबोभाट चाललेला, हे वाक्य सारखं का ऐकू येतं ते यातून कळतं. मोठे कपॅसिटर डोकं फुगवून सांगतात तरी. हे छोटे बाहेरून नव्यासारखे दिसतात. साध्या मीटरवर किंमतही कधीकधी बरोबर येते. वाढलेला असतो तो आतला रोध, आणि त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. आउटपुटच्या कपॅसिटरचा हा रोध ०.०२ ओहमवरून अर्ध्या ओहमवर गेला आणि त्यातून पाच अँपिअरची लाट जात असेल, तर एक दशांश व्होल्टच्या जागी अडीच व्होल्टची लाट बाहेर पडते. घुमी आणि खरखर तिथून येते.

फ्यूज उडालेला सापडला तर गोष्ट वेगळी. काचेचा फ्यूज उजेडात धरून पाहावा. तार मध्ये नुसती तुटली असेल तर फ्यूज थकला असेल किंवा भार थोडा जास्त झाला असेल. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे सणसणीत शॉर्ट आहे. तिथं नवा फ्यूज टाकून बघू म्हणणं म्हणजे नवा फ्यूज फुकट घालवणं. बहुधा मॉसफेट शॉर्ट निघतो, आणि तो एकटा जात नाही. त्याच्या पायातला अर्ध्या ओहमच्या आतला रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर आणि पुष्कळदा आयसी, हे सगळे सोबत जातात. फक्त मॉसफेट बदलून सप्लाय लावला तर नवा मॉसफेट डोळ्यांदेखत जातो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना म्हणून १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवतात. आत शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भगभगून लागतो आणि नवे भाग वाचतात. ठीक असेल तर क्षणभर चमकून मंदावतो. एलईडी दिव्याच्या जमान्यात हे बल्ब दुकानातून नाहीसे होऊ लागलेत, दुरुस्तीवाल्यानं चार बाजूला काढून ठेवावेत.

मॉसफेट का गेला, याचं उत्तर कधीकधी खांबावर असतं. गावाच्या तीन फेजच्या लाईनचा न्यूट्रल तुटला की एका फेजवरच्या उपकरणाला ४०० व्होल्टच्या आसपास मिळू शकतात. रेक्टिफाय केल्यावर त्याचे साडेपाचशेच्या वर होतात, आणि आतला मोठा कपॅसिटर असतो ४०० व्होल्टचा. चांगल्या सप्लायमध्ये दाराशी व्हॅरिस्टर असतो. तो स्वतः जळून फ्यूज उडवतो आणि बाकीच्यांना वाचवतो. असा काळवंडलेला, फुटलेला निळा चकतीवजा भाग दिसला तर तो कापून टाकून सप्लाय चालू होतोही, आणि घाईत तसं करणारे आहेत. पुढच्या वेळी मग काहीच वाचत नाही. आणि कधी कारण याहून साधं निघतं: उबेला आत शिरलेली पाल. तिचे पाय ३२५ व्होल्टच्या दोन टोकांवर पडले की तीही जाते आणि सप्लायही. पंख्याच्या भोकाला बारीक जाळी बसवणं हा यावरचा इलाज, फक्त ती जाळी दर पावसाळ्याआधी साफ करायला कुणीतरी वर जायला हवं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एसएमपीएसचा अर्धा भाग थेट मेन्सला जोडलेला असतो आणि प्लग काढल्यावरही जिवंत राहू शकतो. २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला अकरा-बारा ज्यूल ऊर्जा असते. हृदयाशी खेळ करायला ती पुरेशी आहे. तो कपॅसिटर रिकामा करायला दहा किलोओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर दहा-पंधरा सेकंद धरतात आणि मग मीटरनं खात्री करतात. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढून नव्हे. ऑसिलोस्कोपची अर्थची चिमटी त्या बाजूला लावली तर स्फोटच. आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. ज्याला या कामाचा सराव नाही त्यानं कव्हर उघडू नये.

सुट्या भागांचा प्रश्न तर रोजचाच. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. पाहिजे ते मिळतं, आणि पाहिजे त्याची नक्कलही मिळते. नामांकित जपानी कंपनीचं नाव छापलेल्या मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर बसवून विकल्याचे प्रकार जगभर पकडले गेले आहेत. हातात घेऊन वजन पाहणं आणि विकत घेतल्याघेतल्या ईएसआर मोजणं, यापलीकडे गिऱ्हाइकाच्या हातात फारसं नाही. जुन्या बोर्डातून काढलेला कपॅसिटर स्वस्तात मिळाला तरी त्याचं आयुष्य आधीच कुणीतरी वापरून टाकलेलं असतं. मेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसलेल्या निळ्या चपट्या कपॅसिटरांच्या बाबतीत तर तडजोड नकोच. त्यांना वाय दर्जाचा शिक्का लागतो, कारण ते शॉर्ट झाले तर बॉडीवर मेन्स येते. ते चांगले असतानाही अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज तरंगतं आणि हात लावणाऱ्याला चुणचुण जाणवते. दख्खनच्या काळ्या कातळात अर्थिंग मिळवणं अवघड. पावसाळ्यात ठीक वाटणारा कोळसा-मिठाचा खड्डा मे महिन्यात कोरडाठाक असतो. रिपीटरला हात लावताच चुणचुणलं तर सप्लाय उघडण्याआधी अर्थची तार पाहावी.

दुरुस्त झालेला सप्लाय लगेच रिपीटरला जोडण्याची घाई नको. आधी त्याला खोट्या भारावर ठेवतात. जाड रेझिस्टर चालतात, नाहीतर गाडीचे हेडलाईटचे बल्ब: ५५ वॅटचा एक बल्ब साडेचार-पाच अँपिअर घेतो, तीन लावले की ट्रान्समीटरएवढा भार सहज होतो. मात्र थंड बल्ब सुरुवातीला कितीतरी जास्त करंट ओढतो, म्हणून एकेक करून लावायचे. तासभर चालवून, भाराखाली व्होल्टेज मोजून, हीटसिंक हाताला किती सोसतो ते पाहून मगच पुढे. जादा व्होल्टेज रोखणारं क्रोबार सर्किट असेल तर तेही शाबूत आहे ना ते पाहायचं, कारण फीडबॅक तुटून आउटपुट वीस व्होल्टवर गेलं तर ट्रान्समीटरची किंमत सप्लायच्या कितीतरी पट असते.

एवढी उस्तवार करण्यापेक्षा बाजारातला तयार एसएमपीएस का लावू नये, असं कुणीही विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. १३.८ व्होल्टचाच रिपीटर असेल तर मीही पुष्कळदा तेच सुचवतो. क्वांटारसारख्याला एकाच सप्लायमधून २८, १४ आणि ५ असे तीन व्होल्टेज लागतात, तिथं तयार माल बसत नाही. आणि तयार सप्लाय लावला तरी गोंगाटाचा प्रश्न उरतो. एलईडीच्या पट्ट्या लावण्यासाठी बनवलेल्या सप्लायला पाव मायक्रोव्होल्टशी काही देणंघेणं नसतं. हौशी रेडिओसाठी बनवलेल्या काही सप्लायवर मात्र गोंगाट थोडा इकडेतिकडे सरकवायचं एक बटण असतं. ते फिरवून खरखर आपल्या फ्रिक्वेन्सीवरून बाजूला करता येते. रिपीटरची ऐकण्याची फ्रिक्वेन्सी कायमची एकच, त्यामुळे ही सोय त्याच्यासाठीच केलीय असं वाटतं. पण सप्लाय तापला की त्याची फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, आणि सकाळी बाजूला केलेली खरखर दुपारी परत येऊन बसते. म्हणून बटण लावायचं ते सप्लाय दोन तास भारावर तापल्यानंतर, आणि शक्यतो दुपारी.